सुण्यांची शेटीण

हरमलच्या बाजारातून किनाऱ्याकडे जाताना उजव्या हाताला एक वाट आत वळते. तिथे कोणालाही शेटणीचं घर विचारलं तर तो उलट विचारतो, "खयची शेटीण? सुण्यांची?" सुणें म्हणजे कुत्रं, आणि शेट म्हणजे आमच्याकडे सोनार. विचारणारा थोडा हसतो आणि मग अगदी अंगणापर्यंत आणून सोडतो. हरमलची माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती वाईट असती तर विमला शेटचं एक भलं झालं असतं, निदान कोणाला तरी मनापासून शिव्या देता आल्या असत्या.

विमला हळर्णची. नव्वदच्या सुमाराला लग्न होऊन ती नारायण शेटच्या घरात आली. नारायणचा हात गोड, पण छाती फुटकी. त्याला दमा होता. डाक लावायचा, म्हणजे सोन्याला सोनं जोडायचं, तर फुंकणीने आग नेमकी त्या जागी फुंकावी लागते, आणि नारायणला तर घास गिळताना धाप लागे. म्हणून फुंकणी विमलाच्या तोंडी आली. फुंकणीमागून चिमटा आला, चिमट्यामागून कानस आली, आणि चार-पाच वर्षांत अशी गत झाली की गिऱ्हाईक ओटीवर बसून नारायणशी बोलत असे आणि त्याचा दागिना आत विमला करत असे. नारायणला त्याचा कमीपणा वाटत नसे. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा हिचा हात स्थिर." पण हे तो घरात म्हणायचा, ओटीवर नाही.

त्या घरची एक रीत होती. मंगळसूत्राच्या वाट्यांचं सोनं मुशीत घालण्यापूर्वी ऐरणीला हळदकुंकू लावायचं, आणि ते घरच्या सवाष्णीने लावायचं. विमला न्हाऊन यायची, ऐरणीला बोटं लावायची, आणि ज्या मुलीचं मंगळसूत्र असेल तिचं नाव घेऊन म्हणायची, "बाये, तुजा बरां जांव." मग पदर खोचून पुढचं कामही तीच करायची.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात दम्याने नारायणला नेलं. मुलगी तारा तेव्हा पाच वर्षांची होती. बाराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक आपापलं सोनं परत न्यायला यायला लागले. पहिली आली शेजारची सरस्वती. तिच्या मुलीच्या वाट्या ऐरणीवर अर्ध्या झालेल्या होत्या. सरस्वतीने आधी भात, नारळ, तांदूळ असं सगळं आणून ठेवलं, विमलाच्या पाठीवरून हात फिरवला, रडलीसुद्धा. आणि मग म्हणाली, "विमला, तुजेर राग नाय गे. पण मंगळसूत्राचां काम. तूच सांग."

विमलाने काय सांगायचं? तिने अर्ध्या वाट्या कागदात बांधून दिल्या. त्या वाट्या अर्ध्यापर्यंत तिनेच घडवलेल्या होत्या. कुंकू होतं तोवर ते हात चालत होते, कोणाला दिसत नव्हते एवढंच. मंगळसूत्र गेलं, मग नथ गेली, पाटल्या गेल्या, बारशाची साखळी गेली. सोनाराच्या दुकानात मंगल नाही असं काय असतं? माणसाला काही चांगलं घडायचं असलं की तो सोनाराकडे जातो. घरात ऐरण राहिली आणि ऐरणीवर ठेवायला काही राहिलं नाही.

त्या दिवशी तारा उंबऱ्यावर बसून पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दिलेला पाव चहात बुडवून खात होती. विमलाने तिच्याकडे बघितलं आणि मनाशी एकच ठरवलं. हिचं मंगळसूत्र मी करीन. बाकी गावाचं काय व्हायचं ते होऊ दे, ह्या एका गळ्यात माझ्या हातच्या वाट्या पडतील. देवाकडे तिने दुसरं काही मागितलं नाही, आणि हे मागणं तिला फार मोठं वाटलं नाही.

आता कुत्र्यांचं सांगतो. पलीकडच्या वळणावर बाबली खोल्या भाड्याने देतो. त्याच्याकडे दर हिवाळ्यात एक म्हातारी गोरी बाई येऊन राहायची. तिने गावातलाच एक तांबडा कुत्रा पाळला होता, एक कान उभा आणि एक मुडपलेला. तो कुत्रा कोणा पर्यटकाच्या स्कूटरखाली आला. बाई दोन दिवस जेवली नाही, तेव्हा बाबली तिला घेऊन विमलाच्या दारात आला. बाईला गळ्यात घालायला त्या कुत्र्याचं काहीतरी हवं होतं. हातात त्याचा फोटो.

"माजो घोव गेलो, बाबली. मी काम करीत नाय," विमला म्हणाली.

"गे, तिका खंय हळदकुंकू आसा," बाबली म्हणाला. "आणि सुण्याक तर मुळीच नाय. बस तू."

खरं सांगायचं तर विमलाला कुत्री आवडत नसत. लहानपणी हळर्णला एका कुत्र्याने पोटरीला धरलं होतं, त्याचा वण अजून आहे. पण कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला बस म्हणालं होतं. ती बसली. फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. कुत्र्याचं तोंड, पंजा, शेपूट हे सगळं बाजारात ठशात मिळतं आणि सगळं सारखंच दिसतं. ह्या कुत्र्याचं म्हणून जे होतं ते त्याच्या कानांत होतं. तिने चांदीचे नुसते दोन कान केले, एक उभा, एक मुडपलेला, आणि वर एक कडी. म्हातारीने ते तळहातावर घेतले, मूठ मिटली आणि पायरीवर बसून रडली. विमला बाजूला कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन बसली, कारण दुसरं काय करायचं ते तिला कळेना.

तिथून सुरुवात झाली. हरमलच्या किनाऱ्यावर कुत्री पाळणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. त्यांच्यात बातमी वाऱ्यासारखी पसरली. हंगामात रोज कोणी ना कोणी दारात. विमला संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन कुत्र्यांचे कान बघत बसू लागली. कोणाचा कान फाटका, कोणाचा वटवाघळासारखा, कोणाचा एकीकडे पडलेला. कागदावर रेघा ओढायची आणि घरी येऊन पत्रा कापायची. मासे पागणारे हसायचे. तेव्हाच तिचं नाव सुण्यांची शेटीण पडलं. शाळेत पोरं ताराला भुंकून दाखवायची, आणि तारा घरी येऊन दप्तर फेकायची. पण चूल पेटत होती, आणि ऐरणीला विश्रांती नव्हती.

आणखी एक काम विमला करत होती, ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. नारायणचा धाकटा चुलतभाऊ कृष्णनाथ, त्याचं डिचोलीला सोनाराचं दुकान. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले. अगदी आंधळा नाही, पण डाक कुठे लावायचा ते दिसेना. गिऱ्हाइकाला हे कळलं तर दुकान बंद. एके दिवशी तो मिठाईच्या पुडक्यात सोनं बांधून हरमलला आला आणि म्हणाला, "वयनी, तुका करूंक जाता. कोणाक कळाचां नाय." आत होतं मंगळसूत्राच्या वाट्यांचं सोनं.

विमलाने पुडकं ऐरणीपाशी ठेवलं. मग उठून न्हाणीघरात गेली, न्हाऊन आली, आणि ऐरणीला कुंकू न लावता नुसता हात टेकवला. मुलीचं नाव विचारून घेतलं. "बाये, तुजा बरां जांव," म्हणाली आणि बसली. तिच्या मनात किंतु आला नाही. नारायण दम्याने गेला हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं, त्यात तिच्या हातांचा काय संबंध? लोकांच्या मनात जे होतं ते लोकांपाशी. पुढे बारा-पंधरा वर्षं डिचोली, मये, सांखळी भागातल्या कितीतरी नवऱ्यांनी आपल्या बायकांच्या गळ्यात एका विधवेने केलेल्या वाट्या बांधल्या, आणि सगळ्यांचे संसार जसे व्हायचे तसेच झाले, काही बरे, काही भांडखोर. एकदा साळच्या बाजूची एक मुलगी वर्षभरात विधवा झाल्याचं कृष्णनाथने सांगितलं. विमला हळहळली, बिचारी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नवीन काम घेऊन बसली.

तारा शिकली, पेडण्याच्या कॉलेजातून पदवी घेतली आणि एका हॉटेलात लागली. मग ती महामारी आली. हॉटेल बंद, किनारा ओस, गोरे लोक आपल्या देशात. कुत्री तेवढी किनाऱ्यावर उपाशी फिरत होती. ताराने घरात बसल्या बसल्या आईचे हात मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. नुसते हात. चिमटा धरलेले, फुंकणी धरलेले, काजळी लागलेले. त्या पानाचं नाव तिने ठेवलं, विमलाचे हात. इंग्रजीत.

त्या दिवसांत शहरातले लोक घरात कोंडून होते आणि त्यांच्यापाशी बोलायला फक्त कुत्री होती. पुण्याहून, बंगळुरूहून, दिल्लीहून कानांचे फोटो यायला लागले. ताराला ह्या कामात गती होती, हे मान्य करायलाच हवं. फोटो कसा काढायचा, एक समोरून, एक बाजूने, हे तिने ठरवून दिलं. वेताच्या लहानशा डबीत दागिना, डबीत कापूस, कापसावर एक जाड कार्ड. कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ असा: ज्या हातांना मंगळसूत्र करण्याची बंदी झाली, ते हात आज तुमच्या लाडक्याचे कान घडवतात. माझ्या आईने रूढी मोडली. हे गळ्यात घालून तुम्हीही मोडा.

विमलाने अर्थ विचारून घेतला तेव्हा तिला कसंतरीच झालं. "ह्या कित्याक बरयलंस? गावाक कित्याक मधी आणतंस?" ती कार्डावरच्या लिहिण्यावर बोट ठेवून म्हणाली.

"आई, चांदी सगळीकडे मेळता," तारा म्हणाली. "गोष्ट मेळणा नाय. लोक गोष्ट घेतत."

ते खरंच होतं. लोक गोष्टच घेत होते. त्या पानाखाली अनोळखी बाया लिहायच्या की आम्ही रडलो, तुझ्या आईचे हात आम्हाला चुंबायचे आहेत. पणजीला एका प्रदर्शनात ताराला बोलायला बोलावलं. तारा छान साडी नेसून गेली, आईला पुढच्या रांगेत बसवलं. विमलाला इंग्रजी भाषण कळलं नाही, पण मधेच तारा खाली उतरली, तिचे दोन्ही हात धरून वर केले आणि सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. विमलाला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. परतताना बसमध्ये तिच्या मनात आलं, गाव नाही म्हणालं तर म्हणू दे, माझ्या मुलीला माझ्या हातांचा भरवसा आहे. आपल्या पोटचं पोर जे भर सभेत बोलतं ते त्याच्या मनात असणारच, असं तिला वाटलं. पंचावन्न वर्षांच्या बाईने इतकं भोळं असू नये. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे ही म्हण तिने ऐकलेली होती, पण आपल्या लेकीच्या तोंडात कोण दात मोजतं.

ताराचं लग्न ठरलं डिचोलीच्या सगुणशी. मुलगा सालस, नुकताच मोपाच्या विमानतळावर कामाला लागलेला. त्याची आई सुलोचना दिलखुलास बाई. ती येईल त्याला मोबाइल काढून दाखवायची, "ही आमची विहीण. सगळ्या देशात नाव आसा तिचां." मंगळसूत्र नवऱ्याकडून यायचं असतं, आणि सुलोचनाच्या घरचा सोनार म्हणजे पिढ्यानपिढ्या कृष्णनाथचं घर. सोनं कृष्णनाथकडे गेलं. आणि कृष्णनाथ ते पुडकं घेऊन हरमलला आला.

"वयनी," तो म्हणाला, "ह्या काम मी मागून घेतलंय. तुजांच ह्या."

विमलाने पुडकं उघडलं नाही. मांडीवर ठेवून नुसती बसली. वीस वर्षं जे मागितलं होतं ते असं चालत दारात आलं होतं, आणि तेही कोणाशी न भांडता. तिने पंचांग बघितलं, चांगला दिवस बघितला. त्या दिवशी न्हाऊन आली आणि ऐरणीवर हात टेकवून ताराचं नाव घेतलं. मग "बाये, तुजा बरां जांव," म्हणाली. पत्रा इतका पातळ आणि इतका सारखा ठोकला की वाटी बोटाच्या टोकावर ठेवली तर वजन लागू नये. काठाला तिने बारीक गोफ दिला, नारायण द्यायचा तसा, जो आता कोणी देत नाही. चष्मा पुसत, थांबत थांबत, आठवडाभर ती त्या दोन वाट्यांत होती. कुत्र्यांचे कान तसेच पडून राहिले. तारा बाहेरून ओरडायची की बंगळुरूची डबी जायची आहे, आणि विमला म्हणायची, जाईल जाईल.

आणि म्हणूनच तारा एके दुपारी मोबाइल घेऊन आत आली, बंगळुरूच्या बाईला काम चालू असल्याचं दाखवायला. जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, मखमलीच्या तुकड्यावर वाट्या ठेवलेल्या होत्या.

"गे आई, ह्यो कोणाच्यो? कितक्यो बारीक," ती वाकून म्हणाली. तिला सोन्याची पारख होती, सोनाराचीच पोर.

विमलाने सांगायचं नव्हतं. कृष्णनाथने बजावलं होतं. पण एवढं सुख एकटीने किती दिवस धरून ठेवायचं? "तुज्यो," ती म्हणाली.

तारा सरळ झाली. "म्हणजे?"

"सगुणाच्या आवशीन सोनां भावजींकडे दिलां. तेंका आता दिसणा नाय. तेंचां सगळां काम मीच करतंय, बरीच वर्सां झाली."

"मंगळसूत्रांय?"

"मंगळसूत्रांय."

"सुलोचनामावशेक म्हायत आसा?"

"कोणाक म्हायत नाय. कळाचांय नाय."

"माका कळलां मगे," तारा म्हणाली.

विमला हसली. तिला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. मग तिने ताराचा चेहरा बघितला. ताराने मोबाइल पालथा करून मेजावर ठेवला होता आणि ती वाट्यांपासून एक पाऊल मागे सरकली होती.

"आई, रागाव नको. सगुण रोज मोपाक गाडयेन जाता. रातपाळी करता. तेका उद्या कायय झालां तर माका तुज्याशिवाय दुसरां कोण आठवतलां नाय. जल्मभर तुज्या तोंडाकडे बघून माका तांच आठवतलां. तां माका नको."

विमलाने पालथ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मग ती म्हणाली, "आणि मोबायलार बरयतंस तां?"

"तां लोकांक."

"आणि ह्या?"

"ह्या माज्या गळ्यात येतलां."

"माज्या हातांनी तुजो बापूस गेलो, असां दिसता तुका?"

"तसां नाय गे. मी ह्या मानीत नाय. पण..."

ह्या "पण"ने आमच्याकडे जेवढ्या बायका मारल्या तेवढ्या पटकीने मारल्या नसतील. ह्या गोष्टी मानणारा माणूस सगळ्या पेडण्यात शोधून सापडायचा नाही. सरस्वती मानत नव्हती, सुलोचनाही मानत नसणार, सगळे सुधारलेले. प्रत्येकाच्या जिभेच्या टोकावर एक "पण" असतो आणि सगळी रूढी त्या "पण"वर आरामात उभी असते. जो खरोखर मानतो त्याच्याशी भांडता तरी येतं. ताराशी काय भांडायचं? ती रडत होती. तिने आईच्या कमरेला मिठी मारली, खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मिठीतही तिने आईचे हात धरले नाहीत.

"म्हणजे सुण्यांक चलता," विमला म्हणाली. "तुका नाय."

विमलाने वाट्या मखमलीत गुंडाळल्या. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि तिला राग आला होता हे तिने लपवलंही नाही. ताराने वाढलेलं ताट तिने तसंच परत सरकवलं.

कृष्णनाथला तिने फोनवर सांगितलं. तो चिडला, शिकलेल्या पोरांच्या नावाने बोटं मोडली, मी ताराशी बोलतो म्हणाला. विमला म्हणाली नको. एकदा मनात आलं ते आता वाट्या गळ्यात पडल्यावर रोज येईल. शेवटी कृष्णनाथने म्हापशाहून साच्यातल्या तयार वाट्या आणल्या, बऱ्या जाड आणि गुळगुळीत. विमलाच्या वाट्या त्याने दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाला दिल्या. कोणाला दिल्या ते तिने विचारलं नाही.

लग्न डिचोलीच्या एका हॉलमध्ये झालं. कन्यादान कृष्णनाथ आणि त्याची बायको सत्यवती ह्यांनी केलं. सुलोचनाने विमलाला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं, "विहीणबाई, हयसर बसा" म्हणाली, आणि ते अगदी मनापासून. पण मंगळसूत्राचं ताट पुढे आलं तसं विमला आपणहून उठली आणि जेवणाकडे बघते म्हणून मागे गेली. कोणी तिला उठ म्हटलं नाही, बस म्हणूनही कोणी म्हटलं नाही. भटजींचा आवाज भोंग्यातून मागे ऐकू येत होता. स्वयंपाक्याने तिला विचारलं, सोलकढीत मीठ बरोबर आहे का, आणि तिने चाखून बरोबर आहे म्हणून सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी विमला ऑर्डरी बघायला मोबाइल उघडून बसली होती. ताराने ते तिला शिकवून ठेवलं होतं. पानावर लग्नाचा फोटो होता. नवरी ताराच्या दोन्ही गालांवर विमलाचे हात, मधे गळ्यात मंगळसूत्र. सासरी निघताना फोटोवाल्याने हात असे ठेवा म्हणून सांगितलं होतं. खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं. पुण्याच्या एका बाईने मराठीतच विचारलं होतं, "हे मंगळसूत्र तुझ्या आईने केलंय ना गं? किती भाग्यवान तू." त्याखाली ताराचं उत्तर होतं. शब्द नव्हता, नुसता लाल बदाम.

हो नाही आणि नाहीही नाही. विमला त्या बदामाकडे बघत राहिली. नकाराचं तिला दुःख झालं होतं. मुलगी घाबरली, तिची भीती तिने पोटात घातली होती. पण ह्या बदामाचा तिला असा संताप आला की मोबाइल तिने तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं. त्या दिवशी ताराचे फोन डब्यात वाजत राहिले. तिसऱ्या की चौथ्याला तिने उचलला आणि ताराने विचारलं, "आई, जेवलंस?" विमला म्हणाली, जेवले. मग बंगळुरूच्या डबीचं बोलणं सुरू झालं.

गणपतीची चवथ आली आणि गेली. पाऊस अजून रेंगाळत होता. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणार, म्हणून कृष्णनाथ आगाऊ काम घेऊन हरमलला आला. पुडकं ओटीवर ठेवून बसला, विमलाने चहा दिला, उंडे, म्हणजे गोल पाव दिले. तो गावगप्पा सांगू लागला. कोणाचं घर पडलं, कोणाच्या मुलाला मोपाला नोकरी लागली.

"आणि वयनी, ती मयेची पोर आठवता? बाबुरावाची? तिचो घोव गेलो. पावसात गाडी घसरली. परवा भेटाक गेल्लंय. बावीस-तेवीस वर्सांची पोर गे, बघवणा नाय."

विमला चहाची कपबशी पुसत होती. "तिचां मंगळसूत्र आपणच केलेलां मगे?" तिने विचारलं.

"हां. गेल्या वर्सा."

"मी केलेलां?"

"मगे दुसरां कोण करतलां?" कृष्णनाथ उंडो चहात बुडवत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

विमला खाली बसली. तिला त्या मुलीचं नाव आठवलं, कारण ते घेऊनच ती कामाला बसली होती. मग तिला साळची आठवली. मग ती एकेक आठवत गेली. डिचोलीची, सांखळीची, आणखी कुठकुठची. त्यातल्या किती जणींचे नवरे धडधाकट आहेत, किती जणींचं काही कळलेलं नाही. आणि आपण केलेल्या, ताराने न घातलेल्या त्या दोन वाट्या आता कोणाच्या गळ्यात आहेत, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या मनात आलं. वीस वर्षं गावाने सांगून जे तिच्या मनात शिरलं नव्हतं, ते आता आत येऊन बसलं होतं. ते तिच्या पोरीच्या आवाजात बोलत होतं, म्हणून तिला बाहेर काढता येईना.

तिने पुडकं न उघडता उचललं आणि कृष्णनाथच्या पिशवीत ठेवलं.

"भावजी, ह्या परत व्हरा."

"कित्याक? पुढल्या म्हयन्यात हवां तेंका."

"साच्यातलां हाडा. लोकांक खंय कळता."

कृष्णनाथला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो कप ठेवून म्हणाला, "वयनी, तो पावसात गाडी घसरान मेलो. तीन वळणांची वाट ती. तुजो काय संबंध?"

"माका म्हायत आसा," विमला म्हणाली. "तुमी निघा. बस चुकतली."

त्याने पिशवी खांद्याला लावली. मग छत्री घेऊन निघाला. डोळ्यांनी अधू माणूस, चिखलात चाचपडत पाऊल टाकत होता. एरवी विमला त्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत नेत असे. त्या दिवशी तिने हात पुढे केला नाही. ती दारात उभी राहून, तो सुखरूप बाजाराकडे वळेपर्यंत बघत राहिली.

मग ती ऐरणीशी येऊन बसली. भिंतीला पुण्याहून आलेला एक फोटो टेकवलेला होता, लांब लोंबत्या कानांचा म्हातारा कुत्रा. त्याच्या मालकिणीने ताराला लिहिलं होतं की विमलाताईंच्या हातचंच हवं, दुसऱ्या कोणाचं नको. विमलाने पत्रा कापायला घेतला. रेघ सरळ गेली. कुत्रा गेल्या महिन्यातच मेला होता. आता त्याला आणखी काही व्हायचं नव्हतं.